सूत्रात नसलेला वेग: एक प्युरिफायर, एक कॅडेट आणि चार रात्री

पहाटे २ वाजून ४३ मिनिटांनी अलार्म वाजला. जहाज यूएमएस होतं, म्हणजे रात्री इंजिन रूममध्ये कुणी नसतं. ड्युटी इंजिनियरच्या केबिनमधलं पॅनेल कोकलायला लागलं की तो बॉयलर सूट चढवून खाली धावतो. त्या रात्री ड्युटी फोर्थ इंजिनियरची होती. पॅनेलवर ओळ होती: प्युरिफायर क्रमांक १, ऑइल आउटलेट प्रेशर लो. म्हणजे इंधन शुद्ध करणाऱ्या फिरत्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या तेलाचा दाब कमी. त्यानं खाली जाऊन रीसेट केलं, दहा मिनिटं उभं राहून पाहिलं, सगळं सुरळीत दिसलं म्हणून वर आला. ४ वाजून ४४ मिनिटांनी पुन्हा तोच अलार्म.

मी त्या जहाजावर सेकंड इंजिनियर होतो. आता शिकवतो, आणि हे प्रकरण दर वर्षी वर्गात मांडतो. यात सगळ्यात जास्त चुकलेला माणूस मीच आहे, ते आधीच सांगून टाकतो.

जहाज आणि माणसं

बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज. सहा सिलिंडरचं, संथ गतीचं टू-स्ट्रोक मुख्य इंजिन, थेट प्रोपेलर शाफ्टला जोडलेलं. गोष्ट २०२० च्या आधीची. तेव्हा खुल्या समुद्रात ३.५० टक्क्यांपर्यंत गंधकाचं जड इंधन चालायचं. १ जानेवारी २०२० पासून ती मर्यादा ०.५० टक्क्यांवर आली. आमचा खप दिवसाला सुमारे ३० टन.

हे जड इंधन म्हणजे रिफायनरीनं चांगलं ते सगळं काढून घेतल्यावर उरलेला ऐवज. ५० अंशांना ३८० सेंटिस्टोक इतकं दाट. त्यात पाणी, गाळ, आणि रिफायनरीतल्या उत्प्रेरकाचे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक, टणक कण. त्यांना आम्ही कॅट फाइन्स म्हणतो. या प्रतीच्या बंकरमध्ये, म्हणजे जहाजानं भरून घेतलेल्या इंधनात, ते किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतील असं आयएसओ ८२१७ हे मानक सांगतं. इंजिन बनवणारे म्हणतात, आमच्या दाराशी ते १५ च्या खाली आणा. मधली सगळी जबाबदारी सेटलिंग टँक (गाळ खाली बसू देणारी टाकी) आणि प्युरिफायरची. ती पार पडली नाही तर लायनर आणि पिस्टन रिंग सँडपेपरनं घासल्यासारख्या झिजतात.

जड इंधनाचे प्युरिफायर दोन होते. क्रमांक २ बाउलच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भांड्याच्या, सीलिंग रिंगसाठी उघडून ठेवलेला, आणि रिंग पुढच्या बंदरात येणार. थोडक्यात, सगळी भिस्त क्रमांक १ वर.

प्युरिफायर फोर्थच्या अखत्यारीत. त्याच्या हाताखाली एक कॅडेट, जहाजावर येऊन सात आठवडे झालेली, चार वर्षांचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी संपवलेली. तिच्याकडे दोन वह्या होत्या. एक अधिकृत, ट्रेनिंग रेकॉर्ड बुक. एसटीसीडब्ल्यू या दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंजिन वॉचचा (पाळीचा) अधिकारी होण्यासाठी वर्कशॉप प्रशिक्षण आणि समुद्रावरची सेवा मिळून किमान १२ महिने भरावे लागतात, त्यात किमान ६ महिने चीफ किंवा पात्र इंजिनियरच्या देखरेखीखाली इंजिन रूमची वॉच, आणि हे सगळं त्या बुकात नोंदलेलं असावं लागतं. दुसरी वही साधी, रेघी, तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेली. या प्रकरणात कामाला आली ती दुसरी.

अधिकृत बुकाबद्दल जाता जाता एक तक्रार नोंदवतो. अनेक जहाजांवर ते बुक कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरलं जातं. चहाचा कप बाजूला, पन्नास सह्या एकाच पेनानं. मीही असं केलेलं आहे.

वर्गात काय शिकवतात

प्युरिफायरचा धडा प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. बाउल मिनिटाला हजारो फेऱ्या फिरतो. जड पाणी बाहेरच्या कडेकडे जातं, हलकं तेल आत, मधल्या चकत्यांच्या चळतीतून वर चढतं. पाणी आणि तेल यांच्यामध्ये एक उभी सीमा तयार होते, तिला इंटरफेस म्हणतात. सुरुवातीला बाउलमध्ये मुद्दाम पाणी भरून हे पाण्याचं सील बनवावं लागतं. नाहीतर तेल सरळ पाण्याच्या वाटेनं बाहेर पडून स्लज टँकमध्ये, म्हणजे गाळाच्या टाकीत, जातं. सीमा कुठे उभी राहणार हे ग्रॅव्हिटी डिस्क नावाच्या कड्याच्या भोकावरून ठरतं. भोक फार मोठं असेल तर सीमा बाहेर सरकते आणि सील फुटतं. फार लहान असेल तर ती आत, चकत्यांमध्ये घुसते आणि शुद्धीकरण बिघडतं. म्हणून नियम असा, की सील टिकेल अशी सगळ्यात मोठ्या भोकाची डिस्क लावायची.

आणि मग फळ्यावर सिद्धता येते. पाण्याच्या बाजूचा दाब आणि तेलाच्या बाजूचा दाब सीमेवर सारखे. फिरत्या द्रवात दाब कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वेगाचा वर्ग, म्हणून तो कटतो. शिल्लक राहतात फक्त दोन घनता आणि तीन त्रिज्या. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. कॅडेट आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला तो विचारला होता, कंट्रोल रूममधल्या लॉगबुकच्या मागच्या कोऱ्या पानावर. तिनं चार ओळींत सोडवला. मी मान डोलावली आणि म्हणालो, ‘बघ, सीमेच्या जागेचा वेगाशी काही संबंध नाही.’

हे वाक्य पुढे माझ्याच गळ्यात पडलं.

लॅबमध्ये तिनं प्युरिफायर उघडून परत लावला होता. लॉक रिंगचे आटे उलटे असतात, डोळे मिटून जोर लावला तर रिंग आणखी घट्ट होते, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. चकत्या क्रमानंच बसवायच्या, बाउलचे भाग दुसऱ्या मशीनच्या भागांशी बदलायचे नाहीत कारण ते एकत्र बॅलन्स केलेले असतात, हेही ठाऊक होतं. मशीन तिथं एकदा चालवूनही दाखवलेलं. डिझेल आणि रंगीत पाणी, शुद्ध तेल नळीतून उघड्या पिंपात. ते उघडं पिंप लक्षात ठेवा.

जहाजावर आल्यावर मी सगळ्या कॅडेट्सना लावतो तेच काम तिलाही लावलं: लाइन ट्रेस करणं. टॉर्च घ्यायचा, पाइपवर हात ठेवायचा आणि तो जातो तिथं जायचं. फ्लोअर प्लेट उचलून, बिल्जमध्ये (तळाच्या खळग्यात) वाकून, जनरेटरच्या मागून. नंतर हातानं आकृती काढायची. आधी बिल्ज, मग फायर लाइन, मग इंधन. छापील आकृतीवरून उतरवलेली मला लगेच कळते, कारण छापील आकृतीत कधीच नसलेला एखादा जुना ब्लँक फ्लँज, म्हणजे पाइपचं बंद केलेलं तोंड, प्रत्यक्षात हमखास असतो.

इंधनाच्या लाइनला आल्यावर तिनं फोर्थसोबत प्युरिफायर सुरू करायला शिकलं, बुकातल्या कामावर सही घेतली. पण रेघी वहीत तिनं आणखी एक ओळ लिहिली. मोटरचं बटण दाबल्यापासून अमीटरचा काटा खाली येऊन स्थिर होईपर्यंत लागलेला वेळ: ५ मि. ३० से. का मोजला, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, ‘उभं राहून करायला दुसरं काही नव्हतं, सर.’ तसंच सकाळच्या साउंडिंगचं. स्लज टँकची पातळी घेणं हे कॅडेटचं काम. आकडा फोर्थला सांगायचा आणि मोकळं व्हायचं. ती तोही वहीत टिपून ठेवायची, आदल्या दिवशीच्या फरकासकट.

पहिल्या तीन रात्री

पहिल्या रात्रीनंतर सकाळी मी बंकरचे कागद काढले. आठवड्यापूर्वी घेतलेलं इंधन. त्याची १५ अंशांना घनता ९८९ किलो प्रति घनमीटर, त्याआधीच्या इंधनाची ९८१. ग्रॅव्हिटी डिस्क वापरणाऱ्या प्युरिफायरची मर्यादा ९९१, म्हणजे आम्ही काठावर होतो. तेल जितकं जड तितकी सीमा बाहेर सरकते. पुस्तकातलं उत्तर समोर उभं होतं: डिस्क बदला. फक्त एक अडचण होती. डिस्क बंकर बदलतानाच बदललेली होती, आणि तक्त्यावर घनता, तापमान आणि प्रवाह यांच्या रेषा जुळवल्या तर येते तीच ती होती. मी म्हटलं, तक्ता तक्त्याच्या जागी. एक नंबर लहान लावू.

बाउल उघडला, साफ केला, लहान डिस्क लावली, प्रवाहही कमी केला. त्या दिवशी अलार्म नाही. मी चीफना सांगून टाकलं, काम झालं.

दुसऱ्या रात्री ४ वाजून ४४ मिनिटांनी अलार्म. हा असा सुटलेला आणि परत आलेला बिघाड सगळ्यात वाईट, कारण तो तुम्हाला तुमच्या उपायावर विश्वास ठेवायला लावतो. लहान डिस्कनं सील थोडं भक्कम झालं होतं, कमी प्रवाहानं मशीनवरचा भार कमी झाला होता. लक्षण दबलं, रोग जिथल्या तिथं. शिवाय सीमा चकत्यांकडे सरकवून मी शुद्धीकरणाची गुणवत्ता कमी केली ती वेगळीच. ज्या कॅट फाइन्सच्या भीतीनं हे मशीन चालवतो, त्यांच्यासाठीच मी दार किलकिलं केलं होतं.

मग मी यादी धरली. प्युरिफायर ओव्हरफ्लोची, म्हणजे तेल पाण्याच्या वाटेनं निसटण्याची, कारणं कुठल्याही इंजिनियरला झोपेतून उठवून विचारा, तो म्हणून दाखवेल: तापमान कमी, प्रवाह जास्त, डिस्क चुकीची, सीलचं पाणी नाही, बाउलची मुख्य रिंग गळते, ऑपरेटिंग पाणी (बाउल बंद ठेवणारं) कमी, बाउल स्लजनं भरलेला, बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या तेलाला होणारा उलटा दाब) जास्त, वेग कमी. तापमान हीटरच्या गेजवर ९८ अंश. गेजवर विश्वास नको म्हणून सुटा थर्मामीटर लावला, ९७. रिंग नवीनच बसवलेली. बॅक प्रेशरचा व्हॉल्व्ह नेहमीच्या खुणेवर, कुणी हात लावलेला नाही.

‘वेग कमी’ या शेवटच्या नोंदीवर मी अडखळलोही नाही. मोटर जहाजाच्या पुरवठ्यावर चालते, फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झ, मीटर समोर. आणि तसंही सीमेच्या जागेत वेग येतोच कुठे?

तिसऱ्या दिवशी कॅडेटनं अलार्म प्रिंटरच्या पट्ट्या आणून टेबलावर पसरल्या. प्युरिफायर दर दोन तासांनी आपोआप स्लज बाहेर फेकतो, त्याला डिस्लज म्हणतात. बाउलचा खालचा भाग क्षणभर खाली सरकतो, कडेची भोकं उघडतात, गाळ उडून जातो. मग बाउल बंद, सीलचं पाणी, आणि तेल पुन्हा सुरू. तिनं दाखवलं की झालेला प्रत्येक अलार्म डिस्लजनंतर तेल सुरू झाल्यावर तीन-चार मिनिटांत आलेला आहे. मधल्या वेळात एकही नाही.

निरीक्षण अस्सल होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र माझा होता आणि तो चुकीचा होता. मी म्हटलं, म्हणजे सीलचं पाणी अपुरं पडतंय. पाण्याच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची जाळी काढली. त्यात थोडी गंजाची पूड निघाली. इंजिन रूममधली कुठलीही जाळी काढली तर थोडी पूड निघतेच, पण थकलेल्या माणसाला पुरावा तेवढाच पुरतो. जाळी धुतली, बसवली, मशीन सुरू केलं.

सुरू करताना ती अमीटरसमोर घड्याळ धरून उभी होती. काटा स्थिरावल्यावर माझ्याकडे आली.

‘सर, आधी साडेपाच मिनिटं लागायची. आज नऊ लागली. आणि काटा आधी जेवढा वर जायचा तेवढा गेलाच नाही.’

मी हातातला स्पॅनर पुसत होतो. म्हणालो, ‘पहिल्या आठवड्यात मला काय लिहून दाखवलंस? सूत्रात वेग आहे?’

‘नाही, सर.’

‘मग?’

ती गप्प बसली. शिकाऊ माणसाला गप्प करायला वरिष्ठाला तर्क लागतोच असं नाही, पण माझ्याकडे त्या दिवशी तर्कही होता आणि म्हणून ते जास्त लागलं असावं.

चौथी रात्र

चौथ्या रात्री अलार्म आला तेव्हा फोर्थला मी झोपू दिलं. विश्रांतीचे नियम साधे आहेत: २४ तासांत किमान १० तास, जास्तीत जास्त दोन भागांत, त्यातला एक सलग किमान ६ तासांचा, आठवड्याला किमान ७७. त्याचे आणि कॅडेटचे तास मागच्या तीन दिवसांत कागदावर बसवणं अवघड झालं होतं. मी एकटा खाली गेलो.

प्युरिफायर रूममध्ये उभं राहिलो आणि पहिल्यांदा मशीनकडे बघण्याऐवजी वास घेतला. गरम तेलाचा नेहमीचा वास, आणि त्याखाली दुसरा एक, उतारावर ब्रेक दाबून धरलेल्या गाडीसारखा. मोटरमनलाही, म्हणजे इंजिन रूममधल्या कामगारालाही, तो दोन दिवस येत होता. हीटरच्या लॅगिंगवर (उष्णता राखणाऱ्या आवरणावर) तेल सांडलं असेल, असं त्याला वाटलं होतं.

या जुन्या पद्धतीच्या मशीनला बाजूला एक छोटं बटण असतं, रेव्होल्यूशन काउंटर. आतला गिअर प्रत्येक ठरावीक फेऱ्यांनंतर ते बटण बोटाला एकदा हलकेच टोचतो. मिनिटातले ठोके मोजायचे आणि प्लेटवरच्या आकड्याशी ताडायचे. मी बोट ठेवलं, घड्याळ बघितलं. तेल चालू असताना ठोके जवळपास दहा टक्क्यांनी कमी भरले. पुन्हा मोजले. तेवढेच.

मोटर पूर्ण वेगात होती. बाउल नव्हता. या दोघांच्या मध्ये एकच गोष्ट येते, फ्रिक्शन क्लच. मोटर एका झटक्यात वेग घेते. जड बाउल घेऊ शकत नाही. म्हणून मधे घर्षणाचे पॅड, जे केंद्रापसारक बलानं ड्रमवर दाबले जातात, सुरुवातीला घसरतात आणि हळूहळू बाउलला ओढून वेगावर आणतात. ते पॅड तेलकट झाले की पकड कमी. पकड कमी म्हणजे मोटरवर भार कमी, म्हणून काटा कमी चढतो. आणि बाउलला वेग घ्यायला वेळ जास्त, म्हणून काटा उशिरा उतरतो. मी स्पॅनर पुसत असताना कॅडेटनं एका दमात सांगितलेल्या त्याच दोन्ही गोष्टी.

पण मग सूत्राचं काय? तिथंच, प्युरिफायरच्या पायरीवर बसून, मी कॉटन वेस्टच्या पुठ्ठ्यावर ते पुन्हा मांडलं. सिद्धता बरोबर होती. तिच्या पहिल्या ओळीत एक गृहीतक होतं, जे ना मी कधी मोठ्यानं म्हटलं, ना कुणी मला म्हणून दाखवलं: दोन्ही द्रव आपापल्या कडेवरून मोकळेपणी सांडतात. लॅबमधलं ते उघडं पिंप. आमच्या मशीनवर पाणी तसं सांडत होतं, तेल नाही. तेलाच्या बाजूला पेअरिंग डिस्क नावाचा स्थिर पंप असतो. फिरत्या तेलाचा वेगच त्याच्यात दाबात बदलतो, आणि तो दाब पुढच्या बॅक प्रेशर व्हॉल्व्हविरुद्ध तेल सर्व्हिस टँकमध्ये, म्हणजे इंजिनला इंधन पुरवणाऱ्या टाकीत, चढवतो. व्हॉल्व्ह ठरलेल्या खुणेवर. पंपाचा जोर मात्र वेगाच्या वर्गावर. वेग दहा टक्के उतरला की जोर ८१ टक्क्यांवर येतो. तेल पुढे जाईना, म्हणून मागे तुंबतं, सीमेला बाहेर ढकलतं, आणि सील फुटतं. वेग कटतो तो फक्त कागदावर, तेही दोन्ही दारं उघडी असतील तर.

डिस्लजनंतरचं वेळापत्रकही आता बसलं. डिस्लजला बाउलचा वेग उतरतो. निरोगी क्लच तो लगेच भरून काढतो. आमचा घसरत राहायचा, आणि प्रोग्रॅम ठरल्या वेळी तेल सोडून द्यायचा. वेगाची वाट बघायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सकाळी चीफना सगळं सांगितलं. सर्व्हिस टँकमधल्या साठ्याचा हिशोब केला. नियमानं त्यात पूर्ण शक्तीवर किमान ८ तासांचं इंधन मावतं, पण आमचा टँक काही काठोकाठ नव्हता. चीफनी कॅप्टनला विचारून इंजिनचे आरपीएम उतरवले, मी प्युरिफायर बंद केला. ब्रेकर बंद, फ्यूज काढलेला, पाटी लावलेली. आणि बाउल पूर्ण थांबेपर्यंत कुणीही स्पॅनर हातात घ्यायचा नाही. तो थांबलाय असं वाटणं आणि तो थांबलेला असणं यात खूप मिनिटांचं अंतर असतं.

क्लचचं कव्हर कॅडेटनं उघडलं. आत ड्रमच्या कडेला काळं, चिकट तेल; पॅडचे पृष्ठभाग काचेसारखे चकचकीत. हे तेल आलं कुठून? आडव्या शाफ्टवरच्या लिप सीलमधून. गिअर केसचं तेल त्याच्यापलीकडे राहायला हवं. सीलची कड टणक होऊन झिजली होती. फोर्थ मान खाजवत म्हणाला, गिअर केसमध्ये तीन आठवड्यांत तीनदा थोडं थोडं तेल घातलं होतं. लॉगमध्ये नोंद नव्हती, कारण ‘थोडंसंच’ होतं. तेल कमी होतं म्हणजे ते कुठंतरी जातं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

कॅडेटनं मग वहीचं मागचं पान उघडलं. स्लज टँकची पातळी आधी दिवसाला २-३ सें.मी. चढायची. पहिल्या अलार्मच्या चार दिवस आधीपासून ५ चढत होती. याचा अर्थ, अलार्मचा टाइम डिले ओलांडला जाण्याआधीच सील दर डिस्लजनंतर थोडा वेळ गळून पुन्हा सावरत होतं. तो आकडा मीही पाहिला होता आणि म्हटलं होतं, नवं बंकर घाण आहे.

पॅड पूर्ण संच बदलला. एक-दोन बदलून चालत नाही. लिप सील नवं. कव्हर बसवण्याआधी ड्रम पुसून कोरडा केला, दोनदा. दुपारी मशीन सुरू झालं. कॅडेट घड्याळ घेऊन उभी. ५ मि. २० से. बोटाखालचे ठोके प्लेटवरच्या आकड्याइतके. संध्याकाळी बाउल पुन्हा उघडून मी माझी लहान डिस्क काढली आणि तक्त्यातली परत लावली. दुसऱ्या दिवसापासून स्लज २ सें.मी.

शिकवताना

हे प्रकरण मांडलं की विद्यार्थी बहुधा लगेच निष्कर्ष काढतात: पुस्तक निरुपयोगी, खरं शिक्षण जहाजावर. मला ते पटत नाही. पेअरिंग डिस्कचा जोर वेगाच्या वर्गावर असतो हे मला पुठ्ठ्यावर मांडता आलं, कारण कधीतरी द्रवगतिकीच्या तासाला मी ते लिहून घेतलं होतं. जहाजावर वीस वर्षं काढलेले पण ते न शिकलेले लोक मी पाहिलेत. त्यांनी क्लच बदलला असता, पण डिस्लज आणि अलार्म यांचा संबंध का, हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा डिस्कपासून सुरुवात करतील. माझी अडचण सूत्र शिकल्याची नव्हती. ते ज्या अटीवर शिकलो ती अट विसरल्याची होती.

लॅबचंही तसंच. तिच्या हातांना लॉक रिंग माहीत होती म्हणून मी तिला क्लचचं कव्हर उघडू दिलं. पण लॅबमधलं मशीन वर्षातून दोनदा चालतं आणि कधी म्हातारं होत नाही. सिम्युलेटरचं आणखी वेगळं: तिथं बिघाड प्रशिक्षकानं बटण दाबल्यावर येतो, आणि प्युरिफायर दर वेळी तेवढ्याच सेकंदांत वेगावर येतो. दोन्हीकडे ‘नेहमीचं’ काय हे मोजायची गरजच पडत नाही. जहाजावर सगळा खेळ त्या ‘नेहमीच्या’वर चालतो, आणि ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नेमकं छापलेलं नसतं. मॅन्युअल सांगतं वेग घ्यायला काही मिनिटं लागतात. या मशीनला साडेपाच लागतात, हे फक्त सात आठवड्यांच्या कॅडेटच्या वहीत होतं.

आता मी सिद्धता फळ्यावर लिहिली की पहिल्या ओळीच्या वर विद्यार्थ्यांकडून एक वाक्य लिहून घेतो: दोन्ही दारं उघडी. आमच्या लॅबमधला प्युरिफायरही उघड्या पिंपात तेल सोडणारा आहे. तो बदलायला सांगून झालंय, होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक गटाला सुरू व्हायचा वेळ मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहायला लावतो. गेल्या तीन बॅचचे आकडे तिथं आहेत. एका मुलानं विचारलं, सर, रोज तेच येतंय तर लिहायचं कशाला? मी त्याला स्लज टँकच्या ५ सें.मी.ची गोष्ट सांगितली. त्याला फारशी पटली नसावी. वयच तसं आहे. मलाही त्या वयात पटली नसती.

तिच्या अधिकृत बुकात मी त्या आठवड्यात दोन सह्या केल्या, दुरुस्ती झाली त्याच संध्याकाळी. ‘प्युरिफायरमधील बिघाड शोधणे’ या कामापुढे शेरा लिहायची जागा दोन ओळींची होती. मी लिहिलं: बिघाड कॅडेटनं सांगितला, सेकंडनं ऐकला नाही, एक दिवस वाया. चीफनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि खाली सही केली.

ती उतरताना रेघी वहीतलं ते पान तिनं फाडून दिलं. मी ते प्लास्टिकमध्ये घालून प्युरिफायर रूमच्या दारामागे चिकटवलं. महिन्याभरानं मी उतरलो तेव्हा त्याच्या खाली नव्या कॅडेटच्या गिचमिड अक्षरात आणखी चार ओळी आल्या होत्या. शेवटची होती: ५ मि. २५ से., घड्याळ फोर्थ सरांचं.